माळेवर नांव कोणाचें?

(मेढा येथें फौजी घरांतील मंडळींच्या सभेंत एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



१९१४ च्या महायुद्धांत विलायतेंत एक रीत फार पसरली. लढाईवर निघालेला शिपाई आपल्या पलटणीच्या बिल्ल्यासारखी लहानशी पिन आईला, बायकोला किंवा सोयरीक ठरलेल्या मुलीला देई. कोणाची सोन्याची, कोणाची पितळेची. ती लावून बाई बाजारांत गेली म्हणजे हिचें माणूस कोणत्या पलटणींत आहे हें चारचौघांस कळे.

आमच्या जावळींतल्या बायकांस अशी पिन कोण देणार? त्यांचा दागिना निराळा. पलटणींतून मनिऑर्डर येई. सावकाराचें व्याज आणि पोरांचें पोट भागवून एखादा रुपया उरला तर तो गाडग्यांत पडे. चार-सहा जमले म्हणजे सोनाराकडून कड्या लावून ते माळेंत ओवायचे. शहाणे लोक म्हणत, ‘कुणबिणीला नटण्याची हौस!’ आम्ही विचारतों, ही हौस कीं पेढी? दुष्काळ पडला कीं याच माळेंतला रुपया सुटे आणि घरांत दाणा येई.

त्या रुपयामागची चाकरी ऐका. ११० व ११७ नंबरच्या मराठा पलटणी कूट येथें वेढ्यांत सांपडल्या. उपासमार होऊन २९ एप्रिल १९१६ रोजीं शरणागती झाली व शिपाई तुर्कांच्या कैदेंत गेले. पुढें १० जुलै १९४४ रोजीं इटलींत माणगांव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडींतले बाकी सारे ठार वा जखमी झाले. ते एकटे मशीनगनवर चालून गेले, गोळ्या सरल्यावर बंदुकीच्या दस्त्यानें लढले आणि तेथेंच पडले. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नीच्या हातीं आला.

आणि रुपया तरी कसा? १९४० पूर्वीं तोळाभर वजनाचा, बारांत अकरा भाग चांदी. १९४० पासून चांदी निम्मी. १९४७ चा तर निकेलचा! चांदी घटली, शिपायाचें रक्त मात्र पूर्वींइतकेंच तांबडें होतें.

आमचे आजोबा दुसऱ्या महायुद्धांत होते. आजीची माळ वडिलांनीं एका वर्षीं बियाण्यासाठीं मोडली. त्यांना आम्ही दोष देत नाहीं. पण ते रुपये कोणत्या सालचे, आजोबा तेव्हां कोठें होते, हें आम्हांस आज सांगतां येत नाहीं, याची लाज वाटते. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, नांव व पलटण कोरलेली असते. माळेवर मात्र जिनें घर राखलें तिचें नांव कोठेंच नाहीं.

शिपाई परतला नाहीं तर बाईचा गळा ओढून मोकळा करण्याची दुष्ट चाल आमच्यांत आहे. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीनें २०२२ सालीं ठराव करून ती बंद केली. मग आम्हींच मागें कां रहावें? नवरा गेला तरी माळ तिचीच. ती तिच्या राबण्याची आहे.

घरीं गेल्यावर माळ वा पदक काढा. नाण्यावरचें साल पहा. पदकाची कड वाचा. घरांतल्या म्हातारीस विचारा आणि शिपायाचें नांव, पलटण व तिचें नांव कागदावर लिहा. अडचण आली तर माळ मोडा, पण लिहिल्यावांचून मोडूं नका. ज्यांना लिहितां येत नाहीं त्यांनीं शाळेंत यावें. आम्ही वही घेऊन बसलों आहों.