जठरव्रण आणि चौदा दिवसांची औषधयोजना



पोटात जळजळ झाली की ‘पित्त झाले’ म्हणून सोड्याची चिमूट घ्यावी, एवढ्यावर आपल्या घरांतून विषय संपतो. जठरव्रण हा तिखटाचा व काळजीचा रोग, असे डॉक्टरही दीर्घकाळ मानीत आले. त्या समजुतीस ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी धक्का दिला. १९८२ साली ईस्टरच्या सुटीमुळे प्रयोगशाळेतील तबकड्या नेहमीच्या दोन दिवसांऐवजी पाच दिवस राहिल्या, आणि त्यांत जंतू वाढलेला दिसला. १९८४ साली मार्शल यांनी ते जंतू स्वतः प्राशन करून जठरदाह ओढवून घेतला. २००५ साली दोघांस नोबेल पारितोषिक मिळाले. सुटी फुकट जात नाही, हे आम्हा शिक्षकमंडळींस ठाऊक होतेच!

हेलिकोबॅक्टर पायलोरी हे त्या जंतूचे नाव. तो स्वतःभोवती अमोनिया निर्माण करून आम्लापासून बचाव करतो. एकट्या औषधास तो सहसा दाद देत नाही. म्हणून आम्ल कमी करणारे औषध व दोन प्रतिजैविके, कित्येकदा जोडीस बिस्मथ, अशी संयुक्त योजना डॉक्टर बहुधा १४ दिवसांची देतात. आम्ल उतरले म्हणजे प्रतिजैविकांचा प्रभाव वाढतो.

खरी अडचण पुढेच आहे. चार दिवसांत जळजळ थांबते आणि उरलेल्या गोळ्या फडताळात जातात. कधी त्याच शेजारच्या वहिनींना दिल्या जातात. हे औदार्य घातक होय. अर्धवट औषधातून जे जंतू वाचतात, त्यांत त्या औषधास न जुमानणारेच अधिक. मग पुढच्या खेपेस तेच औषध निकामी ठरते. बिस्मथने मल काळा होतो, मेट्रोनिडाझोलने तोंडास धातूची चव येते. तेवढ्याने घाबरून औषध सोडू नये. मात्र बिस्मथ चालू नसता मल डांबरासारखा काळा झाला, तर तो रक्तस्राव असू शकतो. तत्काळ रुग्णालय गाठावे. पेनिसिलिन सोसत नसल्यास डॉक्टरांस आधीच सांगावे.

औषध संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी श्वासाची वा मलाची चाचणी करून जंतू गेला की नाही ते पाहतात. पुष्कळांस हा खर्च निरर्थक वाटतो. आम्हांस तसे वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ सालीच या जंतूची गणना कर्करोगकारकांत केली आहे. घरात कोणास जठराचा कर्करोग झालेला असेल, तर ती गोष्ट डॉक्टरांच्या कानी अवश्य घालावी.