हिशेब बोलून दाखवूं द्या
(मुकुटबन येथें पालकांपुढें केलेलें भाषण)



पोरगें पाढे घडाघडा म्हणतें, म्हणून त्यास गणित आलें असें आपण समजतों. त्याच पोरास विचारा, 3 क्विंटल 40 किलो कापसाचे पैसे किती, आणि कसे काढलेस? आंकडा एखादे वेळीं सांगेल, पण 'कसे' म्हटलें कीं मुकें होतें. या मुकेपणाची आम्हांस धास्ती वाटते. ज्यास आपला हिशेब चार माणसांत बोलतां येत नाहीं, त्यास कांट्यावरच्या माणसाचा हिशेब मुकाट मानावा लागतो. जोतीराव फुल्यांनीं 1882 सालीं हंटर कमिशनपुढें शेतकऱ्यांच्या मुलांसाठीं मोडी-बाळबोधाबरोबर हिशेबहि मागितला, तो उगीच नव्हे.

आपल्या मुकुटबनाहून तेलंगणाची हद्द दूर नाहीं. या मुलखांत मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी बोलणाऱ्या घरांचीं पोरें शाळेंत येतात. मराठींत सत्तावीस म्हणतांना सात आधीं, वीस मागून. लिहितांना मात्र 2 आधीं. पोर 72 लिहितें आणि बोलणीं खातें. तेलुगूंत 'इरवै एडु', म्हणजे वीस सात; बोलावें तसें लिहावें. 2019 सालीं बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकांत 'वीस सात' ही वाट आली, तेव्हां भाषा बुडाली म्हणून केवढी ओरड झाली! गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनीं पोरांची अडचण समजावून सांगितली, ती ऐकण्यास फारसें कोणी थांबलें नाहीं. आमचें मत असें कीं, सत्तावीस राहूं द्या, पण 'वीस सात' म्हणणाऱ्या पोरास हंसूं नका.

आतां 43 मधून 27 काढा. पऱ्हाटीच्या काड्यांच्या दहा-दहांच्या चार जुड्या आणि तीन सुट्या काड्या घ्या. तिहींतून सात निघत नाहींत, म्हणून एक जुडी सोडायची. सुट्या 13 झाल्या. ही जुडी मास्तरांनीं सोडूं नये. पोरानें सोडावी, आणि कां सोडली तें शेजारच्यास सांगावें, मग तें कोलामींत कां असेना. शेजारी म्हणेल, 'मी 27 वरून 30 ला तीन आणि पुढें 43 ला तेरा मोजले.' दोघांचे 16 च आले. कोणाची रीत सोपी यावर त्यांस भांडूं द्या. निकालाची घाई नको. सुताराचें पोर 8 सुतांचा इंच जाणतें. अर्धा इंच आणि पाव इंच मिळून 6 सूत कसे, हें त्यानेंच फळ्यापुढें उभें राहून वर्गास शिकवावें.

घरींहि हेंच करा. बाजारांतून आलेल्या पोरास किती उरले एवढेंच विचारूं नका, कसे मोजलेस तें विचारा. आणि तें अडखळलें तरी मधें बोलूं नका.