‘श्वास’ पाहण्यापूर्वी थोडेसे



आजच्या निधी-कार्यक्रमासाठी ‘श्वास’ ठरला तेव्हा कमिटीत थोडी कुरकुर झाली. “आजारी मुलाचा सिनेमा? लोक रडतील नि घरी जातील!” तरी आम्ही हट्टाने हाच निवडला. का, ते दिवे मालवण्याआधी सांगतो.

मूळ कथा माधवी घारपुरे यांची, पटकथा-दिग्दर्शन संदीप सावंत यांचं. ‘श्यामची आई’नंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो ‘श्वास’मुळे, २००४ साली. गोष्ट एवढीशीच. कोकणातले आजोबा नातवाला, परश्याला, शहरातल्या डॉक्टरांकडे आणतात. डोळ्यांचा कर्करोग निघतो. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार.

दुसऱ्या कोणी ‘दृष्टी वाचेल का?’ हाच प्रश्न शेवटच्या रिळापर्यंत ताणला असता. इथे उत्तर आधीच हाती येतं. मग आपण खुर्चीला का खिळून राहतो? कारण प्रश्नच बदलतो: हे पोराला सांगायचं कोणी? ऑपरेशनपूर्वी त्याला कळायलाच हवं, असा डॉक्टरांचा आग्रह. आजोबांची जीभ रेटत नाही. खलनायक म्हणाल तर कोणीच नाही. डॉक्टर घाईतला, चिडका, पण भला माणूस. दोघांचंही बरोबर, आणि दोघांमध्ये ते पोर! आमच्या मते पटकथेची खरी ताकद इथे आहे.

मग आजोबा परश्याला घेऊन हॉस्पिटलमधून नाहीसे होतात. त्याला डोळे भरून जग दाखवायला. (पुढचं सांगत नाही, ज्यांनी पाहिला नाही ते रागावतील.) अंधत्वावर कोणी भाषण ठोकत नाही. पण निदान आपल्याला कळलेलं असतं, त्यामुळे साधा रस्ता, साधा रंग दिसला तरी पोटात तुटतं. मधूनमधून दिसणारं हिरवंगार कोकणसुद्धा मग नुसतं सुंदर राहत नाही. हे काम आपल्याच मनाकडून करून घेतलंय, संवादांकडून नाही.

२००४ मध्येच भारताने हा चित्रपट ऑस्करसाठी पाठवला, तेव्हा तिथल्या प्रचाराच्या खर्चासाठी महाराष्ट्रात सामान्य माणसांनी वर्गणी दिली होती. आजची आपली वर्गणी मुलांच्या नेत्रतपासणी शिबिरांसाठी आहे. लहान मुलाच्या फ्लॅशच्या फोटोत बाहुलीत पांढरी चमक दिसली, तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. इथल्या नातवंडांचे फोटोही एकदा चाळा.

देणगीचं टेबल दाराशीच आहे, मध्यंतरात चहाही तिथेच. चला, दिवे मालवूया.