रुमाल आणि वाचक

कागद जपणे आणि कागदाचा अर्थ जपणे ही दोन निरनिराळी कामे होत. पहिले माहितीच्या व्यवस्थेचे, दुसरे ज्ञानाच्या. या दोहोंतील अंतर पाहावयाचे तर पुण्याच्या पेशवे दप्तराकडे वळावे.

तेथील मोडी कागद रुमालांत बांधलेले आहेत. रुमालास क्रमांक असावा, यादी असावी, वाळवी व ओल यांपासून कागद राखावा, मागितलेला कागद तत्काळ हाती यावा. एवढे साधले की माहितीचा कारभार चोख झाला. हे काम हलके मुळीच नव्हे. परंतु कागद हाती आला म्हणजे तो कळला, असे होत नाही.

मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, शब्द तोडून लिहिलेले नसतात. कालनिर्णय ही तर खरी कसोटी. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार. मिळून सुहूर सन ११६१. हे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होते. डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ आणि पुढे ६०० मिळविले की इसवी सन निघतो. पानिपतचा जानेवारी १७६१ याच वर्षातला. इतके कोष्टक कोणासही शिकविता येईल. पण महिने चांद्र आणि वर्ष सौर! दोहोंत सुमारे अकरा दिवसांचे अंतर पडते, म्हणून मृगाच्या आगेमागे येणारी एखादी तारीख एकाच सनात दोनदा येते. कित्येक पत्रांवर तर सनच नसतो. मग कोण हयात होते, फौज कोठे होती, नदीला उतार होता की पूर, यांवरून साल ठरवावे लागते. ही विद्या यादीत मावत नाही.

रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग सिद्ध केले, ते याच विद्येच्या बळावर. त्यांत राजकारणाच्या पत्रांस झुकते माप मिळाले, हेही खरे. निवडणाऱ्याची दृष्टी निवडीत उतरतेच.

आज जुन्या कागदांची छायाचित्रे यंत्राने क्षणात निघतात. मोडी मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापासून नित्य व्यवहारातून गेली आहे. एखादा जाणता वाचक शिष्याला शेजारी बसवून, अमुक साल का नाकारले हे सांगतो, तेव्हा ते ‘का’ कोणत्याही रुमालात बांधलेले नसते.