पाण्याच्या थेंबाचे भिंग
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा शास्त्राच्या विषयावर मी काय बोलणार, असे तुम्हांला वाटेल. परंतु गेल्या पावसाळ्यात आपल्या आळीत तीन घरांत डेंग्यू झाला. त्या वेळी घरातल्याच वस्तूंनी मला जे पाहता आले, ते सर्वांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगते.

मोबाइल फोन आता घरोघरी आहे. पण अगदी बारीक वस्तूचा जवळून फोटो घेऊ गेले तर बहुधा पुसट येतो. माझ्या मुलीने मला एक युक्ती दाखवली. हिराच्या काडीने कॅमेऱ्याच्या काचेवर पाण्याचा एकच बारीक थेंब ठेवावा आणि फोन हलकेच पालथा करावा. थेंब लहान असला तर पडत नाही. त्याची फुगीर पाठ भिंगाचे काम करते व अगदी जवळ आणलेली वस्तू मोठी दिसते. फोनच्या भोकांत मात्र पाणी जाऊ देऊ नये. ज्यांना पाण्याची धास्ती वाटते, त्यांनी मोडक्या खेळण्यातले लहानसे भिंग केसांच्या आकड्यात धरून कॅमेऱ्यावर चिकटपट्टीने बसवावे.

हात हलला की फोटो बिघडतो. म्हणून मी सारख्या उंचीच्या दोन डब्यांवर फोन आडवा ठेवते. खाली बशी ठेवून तिच्याखाली एकेक वही सरकवते. चित्र स्वच्छ दिसले की थांबते. खिडकीचा उजेड घ्यावा आणि समोर स्टीलचे ताट उभे करावे, म्हणजे सावली जाते.

अशा रीतीने मी मिठाचे चौकोनी खडे पाहिले, तांदळातल्या सोंडकिड्याची सोंड पाहिली. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचे लेवेनहूक (१६३२–१७२३) हे कापडाचे व्यापारी. त्यांना विद्वानांची लॅटिन भाषा येत नव्हती. पण हाताने घासलेल्या भिंगातून त्यांनी पाण्यातले सूक्ष्म जीव पाहिले. तेव्हा पाहण्याला मोठी पदवी लागतेच असे नाही.

आता मुख्य गोष्ट. आमच्या शेजारच्या काकूंच्या घरी नातू तापाने निजला होता. त्यांच्या पिंपात वळवळे दिसत होते. मी सांगितले, तर काकू म्हणाल्या, “अगं, पाणी नितळ आहे. दिवसाआड नळ येतो, ओतून देऊ कुठे?” त्यांचेही खरेच होते. मी एक वळवळा थेंबभर पाण्यासह पांढऱ्या बशीत घेतला आणि फोटो काढला. त्याचे डोके, अंगावरचे केस, शेपटीकडची श्वासाची नळी, सारे दिसले. खिडकीत मरून पडलेल्या डासाचाही काढला. काळ्या पायांवर पांढरे पट्टे होते. डेंग्यू पसरवणारा डास असाच असतो, आणि तो साठवलेल्या स्वच्छ पाण्यातही वाढतो.

काकूंनी फोटो बराच वेळ पाहिला. “हे माझ्याच पिंपातलं?” एवढेच विचारले. पाणी वाया गेले नाही; त्यातच धुणे झाले, उरलेले झाडांना घातले. मग पिंप आतून काथ्याने घासले. घासणे फार महत्त्वाचे, कारण या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. काकूंचा नातू डॉक्टरांच्या औषधाने आठ-दहा दिवसांत बरा झाला.

फोटोवरून डासात रोग आहे की नाही ते कळत नाही. ताप आला तर डॉक्टरांकडेच जावे. पण अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक दिवस प्रत्येकीने पिंप, घंगाळ, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करून घासाव्यात व पाण्यावर घट्ट झाकण ठेवावे. शेजारणीला पटत नसेल तर तिच्याशी वाद घालू नये. तिला फोटो दाखवावा.

मंडळाने आपल्या आळीसाठी एक वार ठरवावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.