वॉटर पंप ठिबकतोय? ते भोक बुजवू नका!

इअरफोन लावलेत ना? आजचा विषय छोटासा, पण चुकला तर इंजिन बसतं. वॉटर पंपाचं सील आणि बेअरिंग.

आधी माझा गाढवपणा सांगतो. काकांच्या ट्रॅक्टरचा वॉटर पंप ठिबकत होता. पंपाच्या बॉडीला खालून एक बारीक भोक असतं, तिथून. मी हुशारी केली, इपॉक्सी लावून भोकच बुजवलं. गळती थांबली, काका खूश. पंधरा दिवसांनी पंप खरखरायला लागला. मग बेअरिंग मोडलं, शाफ्ट डगमगला आणि पंख्याने रेडिएटरची जाळी फाडली. ऐन पेरणीत ट्रॅक्टर चार दिवस उभा. काका एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

त्या भोकाला वीप होल म्हणतात. ते सील आणि बेअरिंगच्या मध्ये असतं. सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न घुसता बाहेर पडावं, एवढंच त्याचं काम. मी ती वाटच बंद केली.

आता सील कसं निवडायचं? त्यात दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर फिरतात, स्प्रिंग त्यांना दाबून धरते. बऱ्याचदा एक कार्बनची, दुसरी सिरॅमिकची. स्वच्छ कूलंटला ही जोडी पुरते. पाण्यात गंज, माती येत असेल तर सिलिकॉन कार्बाइडची चकती जास्त टिकते, कारण ती खूप कडक असते. पण बोअरचं क्षारवालं पाणी ओतत राहिलात तर कुठलंच सील टिकणार नाही. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला.

सीलचं रबरही विचारून घ्या. नायट्राइल रबर साधारण १०० अंशांच्या आसपास सतत तापलं की कडक होत जातं. ईपीडीएम गरम पाण्याला आणि कूलंटला छान, पण ऑइल-ग्रीस लागलं की फुगतं. म्हणून सील बसवताना ग्रीस नको, साबणाचं पाणी वापरा. आणि चकतीला बोट लावू नका.

आता बेअरिंग. जुन्यावरचा नंबर वाचा. उदाहरणार्थ ६२०३ म्हणजे आतून १७, बाहेरून ४०, रुंदी १२ मिलिमीटर. पुढची अक्षरंही तितकीच महत्त्वाची. २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, झेडझेड म्हणजे पत्र्याची झाकणं. सी३ म्हणजे आत नेहमीपेक्षा जास्त मोकळीक, तापून फुगायला जागा. दुकानदार म्हणेल, ‘नंबर तोच आहे, चालतंय की!’ तुम्ही अक्षरं जुळवूनच घ्या. बऱ्याच गाड्यांत शाफ्ट आणि बेअरिंग एकच तुकडा असतो. पट्ट्याचा ताण जास्त असेल तिथे त्यात एका बाजूला रोलर असतात. त्याजागी नुसत्या गोळ्यांचं घालू नका.

बसवताना हातोडा नको, प्रेस वापरा. बॉडीत बसवताना बाहेरच्या कड्यावर दाब, शाफ्टवर बसवताना आतल्या. पट्टा गरजेपेक्षा जास्त ताणू नका. आणि कूलंट भरून, हवा काढूनच इंजिन चालू करा; कोरडं सील लगेच जळतं.

पंप उघडलाच आहे तर सील आणि बेअरिंग दोन्ही बदला. थोडे पैसे जास्त जातील, पण पेरणी थांबणार नाही.

चला, भेटू पुढच्या भागात. आणि हो, आज गाडीखाली एकदा वाकून बघाच!