गुन्ह्यांच्या नोंदी आणि नागरिकांचे कर्तव्य



दोंडाईचा हे सुरत–भुसावळ लोहमार्गावरील बाजारपेठेचे शहर. मिरचीच्या हंगामात येथे परगावच्या लोकांची वर्दळ असते. येथे चोरी करून गाडीत बसलेला माणूस काही तासांत गुजरातेत पोहोचतो. ठाण्याची नोंदवही मात्र जागची हलत नसे. ही उणीव दूर करण्यासाठी ११ मार्च १९८६ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्थापन झाला. राष्ट्रीय पोलीस आयोगाने तशी शिफारस केली होती. आंतरराज्य गुन्हेगारांची माहिती, केंद्रीय अंगुलिमुद्रा कार्यालय आणि गुन्हेविषयक सांख्यिकी ही कामे त्यामुळे एका छत्राखाली आली.

या कार्यामागे मोठा इतिहास आहे. १८९७ मध्ये कलकत्त्यास अंगुलिमुद्रा कार्यालय सुरू झाले. ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत बसविण्यात अझीझुल हक व हेमचंद्र बोस या भारतीयांचा मोलाचा वाटा होता. ठसा व्यक्तीची ओळख पटवितो; जातीची नव्हे. परंतु त्याच राजवटीने १८७१ च्या कायद्यान्वये अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला व त्या जमाती विमुक्त झाल्या. नोंद ही कृत्याची असावी, कुळाची नसावी, हा या इतिहासाचा धडा होय.

२००९ मध्ये मंजूर झालेल्या योजनेनुसार देशातील पोलीस ठाणी संगणकाने जोडण्यात आली. २०२२ पासून ठशांचा राष्ट्रीय संग्रहही उपलब्ध आहे. त्याच वर्षीच्या कायद्यानुसार या नोंदी ७५ वर्षे जतन होतात. पूर्वी शिक्षा न झालेली व्यक्ती अंतिमतः निर्दोष ठरल्यास, न्यायालयाचा वेगळा आदेश नसेल तर, तिच्या नोंदी नष्ट करावयाच्या असतात. म्हणूनच निकालाची नोंद अटकेच्या नोंदीइतकीच तत्परतेने व्हावयास हवी.

यंत्र कितीही वेगवान असले, तरी त्यात जाणारी माहिती ठाण्यातच लिहिली जाते. नाव वा वय चुकीचे पडले, तर ती चूक देशभर फिरते. फिर्याद देण्यास विलंब करू नये. ती वाचून मगच सही करावी आणि तिची प्रत मागून घ्यावी. ती विनामूल्य मिळते. पोलीस पाटलांनी गुन्ह्याची खबर वेळीच ठाण्यास द्यावी. गावात चोरी झाली की पालावरच्या कुटुंबांकडे बोट दाखविण्याची सवय पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी मोडून काढावी. खऱ्या गुन्हेगाराचा माग लागण्यासाठी आणि निरपराध्याचे नाव कलंकित न होण्यासाठी ही दक्षता आवश्यक आहे.